1991 च्या मियाटाला ॲल्युमिनियमचा रेडिएटर घरी बसवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 1991 ची माझदा मियाटा आहे, 1.6 लिटर, मॅन्युअल. रेडिएटरची वरची टाकी तपकिरी पडलीय, म्हणून ॲल्युमिनियमचा आफ्टरमार्केट (म्हणजे माझदाचा नसलेला, दुसऱ्या कंपनीचा) रेडिएटर मागवलाय आणि टेक्सासचा उन्हाळा सुरू व्हायच्या आत तो घरीच बसवायचाय. आजवर ऑइल बदलण्यापलीकडे गाडीला हात लावलेला नाही, तर जमेल का?

जमेल. मी फिनिक्सला राहतो आणि हेच काम माझ्या 1992 च्या मियाटावर घरासमोर केलंय. सोडायला-जोडायला सकाळचे तीन तास पुरले. खरं काम त्यानंतरचं आहे, कूलंटमधली, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातली हवा काढायचं. त्यासाठी संपूर्ण दुपार मोकळी ठेवा.

टाकीच्या रंगाबद्दलची तुमची शंका बरोबर आहे. ती मुळात काळी असते. वर्षानुवर्षं उष्णता खाऊन प्लास्टिक आधी हिरवट होतं, मग खजुरासारखं तपकिरी. माझ्या गाडीचा वरचा होज (टाकीला जोडलेली रबरी नळी) मी जरा पिळून ओढला, तर टाकीचं तोंड पापड मोडावा तसं तुटून होजसकट हातात आलं. हे हायवेवर झालं असतं तर इंजिन गेलं असतं. त्यामुळे नवा बसेपर्यंत लांब जाऊ नका.

मात्र गाडी आत्ताच गरम होत असेल, तर नुसत्या रेडिएटरवर भरवसा ठेवू नका. गाडीच्या नाकाखालचं प्लास्टिकचं आवरण जागेवर आहे का बघा. बऱ्याच जुन्या मियाटांचं ते हरवलेलं असतं, आणि मग पुढच्या तोंडातून आलेली हवा रेडिएटरच्या जाळीतून न जाता खालून निसटते. पंखे फिरतात का तेही तपासा.

जुन्याला हात लावण्याआधी नवा रेडिएटर खोक्यातून काढून नीट मोजा. होजच्या तोंडांचा व्यास, बोल्टची भोकं, जाडी, सगळं. जाड जाळी घेतली असेल तर पंखे मागे सरकतात, तिथे जागा उरते का हे आधीच कळलेलं बरं. पंख्याचे स्क्रू लांब निघाले तर थेट जाळीत घुसतात, म्हणून एकेक स्क्रू आधी नुसता भोकात धरून बघा. आणि बागेच्या पाइपने रेडिएटर आतून धुवा. माझ्यातून वेल्डिंगचा चमकदार चुरा निघाला होता, चिमूटभरच, पण तो इंजिनात जायला नको.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण उघडू नका, आतलं दाबाखालचं पाणी उसळून तोंडावर येतं. पुढची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. खालचं बूच सोडून कूलंट बादलीत घ्या आणि किती निघालं ते लिहून ठेवा. बादली झाकून ठेवा. ते गोड लागतं, कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर जिवावर बेततं. गटारात ओतू नका, काउंटीच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्या.

होज, पंख्यांच्या वायरी आणि बोल्ट सुटले की रेडिएटर वर उचलून येतो. एसीचे पाइप सोडायचे नाहीत. नवा खाली सोडताना जाळीवर पुठ्ठा धरा, पाती बोटानेही वाकतात. रबरी बुश नवे घाला, ॲल्युमिनियम बॉडीच्या पत्र्याला घासता कामा नये. बोल्ट आधी हाताने फिरवा, पाना शेवटी. ॲल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले.

आता हवा. पूर्ण सिस्टिममध्ये साधारण 6 लिटर मावतं, पण थोडं जुनं इंजिनात राहतंच. निघालं तेवढं तरी परत गेलं पाहिजे. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या. गाडीचं नाक उंच ठेवा, झाकण उघडं, हीटर पूर्ण गरमवर, एसी बंद. सावकाश ओता, वरचा होज मुठीत दाबत राहा, बुडबुडे येतील. मग इंजिन चालू करा. 88 अंश सेल्सिअसच्या आसपास थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारी झडप) उघडतो, पातळी एकदम खाली जाते, तेव्हा आणखी ओता. चेहरा लांब, हातात मोजे. पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत हे चालू ठेवा, मगच झाकण लावा.

मी पहिल्यांदा दहा मिनिटांतच झाकण लावलं होतं. दोन मैलांवर हीटरमधून गार हवा यायला लागली आणि तापमानाची सुई चढायला लागली. इंजिन गरम आणि हीटर गार म्हणजे आत हवा अडकलीय. लगेच बाजूला थांबून इंजिन बंद केलं, तासभर गार होऊ दिलं, म्हणून हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यातलं सील) वाचलं. तुम्हाला असं दिसलं तर "घर जवळच आहे" म्हणत पुढे जाऊ नका.

पहिला आठवडा रोज सकाळी गार इंजिनावर झाकण काढून पातळी बघा आणि होज आवळणारे क्लँप चाचपा. माझी पातळी दुसऱ्या दिवशी बोटभर उतरली होती, तिसऱ्या दिवशी जराशी, आणि चौथ्या दिवसापासून तिथेच आहे.