ध्यान आणि थेरपी: सुरुवात कुठून करायची

ताई, वडील जाऊन दोनच महिने झालेत आणि तुम्ही ठाण्याहून थेट इगतपुरीच्या १० दिवसांच्या विपश्यना शिबिराला निघालात. माझं ऐकाल तर आत्ता नको. पहाटे ४ ला उठणं, पूर्ण मौन, दिवसाला १० तासांच्या आसपास ध्यान. दुःख ताजं असताना हे झेपेलच असं नाही.

सध्या एवढंच करा:

- आधी थेरपिस्ट गाठा. ध्यान करताय हे पहिल्याच भेटीत सांगा.
- रोज १० मिनिटं आनापान. नाकपुडीशी श्वास येतो-जातो, तेवढंच बघायचं. उपवन तलावाच्या काठावर पहाटे छान वाटतं, पण सुरुवातीला घरचा कोपराच बरा. जुनं काही अंगावर आलं तर नेटाने बसून राहू नका. डोळे उघडा, तळपाय फरशीवर घट्ट टेकवा, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्या. थेरपिस्ट यालाच ग्राउंडिंग म्हणतात.
- गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका.

नवीन माणसं हमखास एक चूक करतात: ‘सगळं अनित्य आहे’ म्हणत रडू गिळतात. अहो, येऊ द्या ना! ते येतं आणि ओसरतं, हे अनुभवणं म्हणजेच अनित्य बघणं.

तुम्ही विचारलेल्या शमन-साधनेचं, म्हणजे ढोलाच्या तालावर भगतासारखं तंद्रीत जाण्याचं, नंतर बोलू. वारली भगताच्या मागे अख्खा पाडा उभा असतो; शनिवार-रविवारच्या वर्कशॉपनंतर तुम्ही घरी एकट्याच असाल.

रात्री-अपरात्री फार जड झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं. थेरपिस्टची पहिली भेट झाली की मला कळवा.