नर्सिंगला प्रवेश घ्यायचाय? फी भरण्याआधी वॉर्ड बघून या

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी तेच प्रश्न येतात. निम्म्या पत्रांत "अमुक जण असं म्हणतात, ते खरं का?" एवढंच विचारलेलं असतं. वॉर्डात आणि नंतर नर्सिंग कॉलेजात विद्यार्थ्यांना शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, म्हणून माहीत आहे तेवढं स्पष्ट लिहिते.

प्रश्न : मी बारावी कला शाखेतून ५२ टक्के मिळवून पास झाले. बी.एस्सी. नर्सिंग करता येईल का?

नाही. त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. तुम्हाला तीन वर्षांचं जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका) करता येईल. त्यानंतर राज्याच्या परिचर्या परिषदेत (नर्सची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी करून दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करा, पदवी मिळेल. "आम्ही कलावाल्यांनाही थेट बी.एस्सी. देतो" असं कुणी म्हणालं तर पुढचं बोलणंच नको.

प्रश्न : मुलगा असून नर्सिंगला जाता येतं का?

येतं. जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही खुले आहेत, एएनएम (सहाय्यक परिचारिकेचा अभ्यासक्रम) फक्त मुलींसाठी आहे. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीत ८० टक्के जागा महिलांना आणि २० टक्के पुरुषांना असतात, हे आधीच लक्षात ठेवा.

प्रश्न : सहा महिन्यांचा "नर्सिंग असिस्टंट" कोर्स करून नर्स म्हणून नोकरी लागते का?

नाही. मदतनीस म्हणून लागते. त्या प्रमाणपत्रावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी मिळत नाही आणि नोंदणीशिवाय नर्स होता येत नाही. मदतनिसाचं कामही मोलाचं आहे, पण ते नर्सिंगच्या नावाखाली विकणं ही फसवणूक आहे.

प्रश्न : रक्त पाहिलं की मला घेरी येते. मग नर्सिंगचा विचार सोडून द्यावा का?

एवढ्यासाठी सोडू नका. पहिल्या वर्षाच्या बऱ्याच मुलींना ड्रेसिंग बघताना असं होतं. रक्त दिसताच नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यावर एक सराव आहे: हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग अर्धा मिनिट सैल सोडायचे, असं पाच वेळा. त्याने रक्तदाब टिकतो. वॉर्डात उपाशी पोटी जाऊ नका. घेरी आलीच तर लाज न बाळगता लगेच खाली बसा. मात्र रक्त न पाहताही चक्कर येत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर प्रवेशाआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

प्रश्न : मुलगी नीट (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) पुन्हा देणार आहे. नाही जमलं तर नर्सिंग आहेच, असं आम्ही ठरवलंय. बरोबर ना?

"नर्सिंग आहेच" हे कुणी सांगितलं? राज्यात बी.एस्सी. नर्सिंगचे प्रवेश राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या स्वतंत्र परीक्षेतून होतात. तिचा अर्ज वेगळा आणि मुदतही वेगळी. नीटच्या निकालाची वाट पाहत बसलेल्या कित्येक घरांत ती मुदत टळून जाते, आणि मग मिळेल त्या कॉलेजात मिळेल त्या फीला प्रवेश घ्यावा लागतो. दोन्ही अर्ज भरा. पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय) मुलींसाठी बी.एस्सी. नर्सिंग आहे आणि तिथे नीटचेच गुण धरतात, तेही पाहून ठेवा. आणि मुलीला एकदा शांतपणे विचारा. रुग्णाचं अंग पुसणं, बेडपॅन देणं आणि रात्रभर जागणं ही कामं डॉक्टर होता आलं नाही म्हणून करायची असतील तर चार वर्षं फार लांब वाटतील. कॉलेजातल्या समुपदेशकांशी बोलू द्या तिला.

प्रश्न : एक एजंट शेजारच्या राज्यात जीएनएमचा प्रवेश करून देतो. कॉलेजला जायची गरज नाही, फक्त परीक्षेला जायचं, तोवर इथे नोकरीही करता येईल, असं म्हणतो. घ्यावा का?

घेऊ नका. हे पत्र मला दरवर्षी येतं आणि दरवर्षी संताप येतो.

भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेला बसायला वर्गात आणि प्रात्यक्षिकात प्रत्येकी ८० टक्के हजेरी लागते. प्रमाणपत्र हाती पडण्यापूर्वी प्रत्येक विभागातलं प्रात्यक्षिक १०० टक्के पूर्ण झालेलं असावं लागतं. मग घरी बसलेल्या मुलीची हजेरी येते कुठून? कुणीतरी खोटी भरतं. प्रसूतीगृहात स्वतः केलेल्या बाळंतपणांची नोंद केसबुकात करून त्यावर सही घ्यायची असते. तीही नोंद खोटी, सहीही खोटी. पुढे हीच मुलगी खऱ्या प्रसूतीगृहात उभी राहते, बाळंतिणीला अतिरक्तस्राव सुरू होतो, आणि गर्भाशय चोळून घट्ट करायचं असतं हे तिच्या हातांना ठाऊक नसतं. तिथे मिनिटांचा हिशेब असतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर, दुसऱ्या राज्यातून शिकून आल्यावर इथल्या परिषदेत नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी तिकडची कागदपत्रं पडताळली जातात. तिथे खोट सापडली तर तीन वर्षं आणि पैसे दोन्ही गेले. मूळ गुणपत्रिका एजंटाच्या हाती कधीच देऊ नका. ज्यांनी दिल्यात त्यांनी आजच लेखी मागणी करा, आणि टाळाटाळ झाली तर पोलीस ठाणे गाठा.

कॉलेज इथलं असो की बाहेरचं, इमारत आणि माहितीपत्रकावरचे फोटो बघून भुलू नका. रुग्णालय बघा. नव्या संस्थेला स्वतःचं किमान १०० खाटांचं रुग्णालय असावं आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असावेत, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आता हिशेब करा. वर्षाला ४० जागा म्हणजे चार वर्षांची मिळून १६० मुलं. त्यातली निम्मी जरी एका वेळी वॉर्डात असली तरी २४० रुग्ण हवेत. ते १०० खाटांत मावत नाहीत, म्हणून कॉलेजं इतर रुग्णालयांशी संलग्न असतात. ती कोणती, किती लांब, तिथे मुलांबरोबर शिक्षिका जाते का, हे विचारा. क्लिनिकल रोटेशनचं, म्हणजे कोणती मुलं कधी कोणत्या वॉर्डात जातात त्याचं, वेळापत्रक दाखवा म्हणा. कामाच्या दिवशी सकाळी रुग्णालयात जाऊन खाटांवर रुग्ण आहेत का ते डोळ्यांनी पाहा. पाटी शंभर खाटांची आणि आत सात रुग्ण, अशीही रुग्णालयं आहेत. चालू वर्षाच्या मान्यतेचं पत्र मागा, आणि ते त्या राज्याच्या परिचर्या परिषदेकडे, तसंच इथलं बी.एस्सी. असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे विचारून खरं आहे ना याची खात्री करा. तिथेच शिकणाऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना फाटकाबाहेर गाठून बोला. त्या खरं सांगतात.

प्रश्न : मी २९ वर्षांची, विवाहित, चार वर्षांचा मुलगा आहे. चालेल का?

लग्नाची आडकाठी नाही. वयाची अट अभ्यासक्रमानुसार बदलते, त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघा. फॉर्म भरण्याआधी घरच्यांशी बोला: वसतिगृह सक्तीचं असेल तर, आणि रात्रपाळीच्या वेळी मूल कुणाकडे राहील? होकार नवऱ्याकडूनही हवा आणि मुलाला सांभाळणाऱ्याकडूनही.

प्रश्न : भावाला रंगांधळेपणा आहे. तो अपात्र ठरेल का?

नाही. रंगदोष सुधारणारा चष्मा किंवा लेन्स वापरल्यास प्रवेश मिळू शकतो. आधी नेत्रतज्ज्ञांकडून दोषाची तीव्रता तपासून घ्या.

प्रश्न : कॉलेज म्हणतं, चौथं वर्ष संपलं की थेट जर्मनी. खरं?

थेट काही नसतं. जर्मन भाषा साधारण बी-२ (वरच्या मध्यम) पातळीपर्यंत यावी लागते आणि तिथल्या यंत्रणेकडून तुमच्या पदवीला मान्यता घ्यावी लागते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केलाय. त्याचं नाव सांगून पैसे मागणारे पुष्कळ आहेत. एजन्सी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेली आहे का ते पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

प्रश्न : प्रवेश मिळाला, दोन महिने हातात आहेत. काय तयारी करू?

हेपटायटिस-बीची लस आजच विचारा. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, असा क्रम असतो. वॉर्डात सुई टोचण्याआधी सुरुवात झालेली बरी. लहानपणी घेतली असेल तर डॉक्टरांना कार्ड दाखवून काय करायचं ते ठरवा.

गणित पक्कं करा. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचंय, सेट १ मिलीला २० थेंबांचा आहे, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, म्हणजे सुमारे २१. हे कॅल्क्युलेटरशिवाय यायला हवं, आणि मिलिग्रॅमचा ग्रॅम करताना दशांश चिन्ह चुकता कामा नये.

मराठी माध्यमातून आला असाल तर रोज एक परिच्छेद इंग्रजीत लिहा. नर्सेस रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो. शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरची माहिती आताच वाचा आणि तुमची जागा सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतली आहे की संस्थास्तरावरची, हे कॉलेजकडून लेखी घ्या. बऱ्याच सवलती त्यावर ठरतात, आणि जात व उत्पन्नाचे दाखले तहसील कार्यालयातून मिळायला वेळ लागतो.