कुत्र्याला विषबाधा झाली की डॉक्टर घरातल्या गांजाबद्दल का विचारतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुत्रा झाडीतून परत आला तो झोकांड्या देत, लाळ गाळत. साप चावला असं वाटून तुम्ही धावत दवाखाना गाठलात आणि डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "घरात कोणी गांजा ओढतं का?" तुम्हाला राग आला. सापाचं विष आणि नशेचा पदार्थ यांतला फरक डॉक्टरला कळू नये का, असं तुमचं म्हणणं.

मी जनावरांचा डॉक्टर आहे आणि हा प्रश्न मीही विचारतो. वाईटपणा येतो, पण विचारतो. फरक बऱ्याचदा कळतो, पण वेळ थोडा असतो आणि चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. सर्पविषावरचं इंजेक्शन बहुधा घोड्याच्या रक्तातून बनवलेलं असतं. त्याचीच जबर ॲलर्जी येऊ शकते, म्हणून ते अंदाजपंचे टोचता येत नाही. उलट "नशा आहे, उतरेल" म्हणून सर्पदंशाचा कुत्रा घरी पाठवला तर सकाळपर्यंत त्याचा श्वास बंद पडलेला असू शकतो.

एक केस सांगतो. रात्री एक जोडपं तीन वर्षांची कुत्री घेऊन आलं. टेबलावर ती उभी होती, पण चालत्या बसमध्ये दांडी न धरता उभं राहिल्यासारखी. मान हळूहळू खाली जायची आणि दचकून वर यायची. तोंडासमोर नुसता हात हलवला तर कुणी मारायला धावल्यासारखी मागे सरकायची. मागून लघवी थेंब थेंब गळत होती, तिला पत्ताच नव्हता. अंग गार, नाडी मंद, बाहुल्या मोठ्या.

हे चित्र बघून माझ्या डोक्यात गांजा आला. कारण नाग किंवा मण्यार यांच्या जातीच्या सापांचं विष नस आणि स्नायू यांच्यातला निरोप तोडतं. मेंदू जागा असतो, स्नायू ऐकत नाहीत. पापण्या पडतात, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, भुंकणं बदलतं, मग श्वास उथळ होत जातो. गांजात उलटं: स्नायू धडधाकट, तोल सांभाळणारा मेंदूचा भाग गडबडलेला. या कुत्रीचा पाय मी ओढला तर ती जोरात हिसका देऊन सोडवून घेत होती. पापणीला बोट लावलं की झटकन मिटत होती.

तरी सूज नाही म्हणजे साप नाही, असं समजू नका. मण्यारीच्या दंशाला सूज जवळजवळ येतच नाही आणि केसांत दातांच्या खुणा शोधून सापडत नाहीत. घोणसासारख्या सापांचं वेगळं: तिथे सूज, वेदना आणि रक्त न गोठणं. त्यासाठी साधी चाचणी असते. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं, मग नळी तिरकी करायची. पाण्यासारखं वाहिलं तर विष रक्तात उतरलंय. या कुत्रीच्या रक्ताची गाठ नळीला चिकटून बसली, हलली नाही.

घरात सिगारेटसुद्धा नाही, असं दोघं शपथेवर सांगत होते. मला खरं सांगायचं तर पटलं नाही. रात्रभर श्वासावर लक्ष ठेवलं, अंग गरम ठेवलं, सलाइन चालू. पहाटे नवऱ्याला आठवलं की संध्याकाळी फिरताना ती झुडपामागे काहीतरी खात होती, आणि ती माणसाची घाण होती. गांजा घेणाऱ्या माणसाच्या विष्ठेतून टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, बाहेर पडतं आणि ती खाऊन कुत्र्यांना नशा चढल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे ते दोघं खरंच बोलत होते. दुसऱ्या संध्याकाळी कुत्री शेपूट हलवत घरी गेली. तेव्हापासून मी प्रश्न बदललाय: "घरात किंवा फिरताना त्याच्या तोंडात काय काय गेलं असेल?"

माणसांसाठी मिळणारं लघवीचं किट वापरून बघू नका. कुत्र्याचं शरीर टीएचसी वेगळ्या पद्धतीने मोडतं, त्यामुळे नशा असूनही निकाल बरेचदा निगेटिव्ह येतो.

गांजाची चॉकलेटं खाल्ली असतील तर गांजापेक्षा चॉकलेटची काळजी जास्त. साखरेऐवजी झायलिटॉल घातलेला पदार्थ असेल तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते. उत्तेजक गोळ्यांचा प्रकार वेगळाच: अंग तापतं, छाती धडधडते, कुत्रा गोल गोल फिरत राहतो. अफूच्या कुळातल्या औषधांवर नॅलॉक्सोन नावाचा उतारा आहे, पण त्यासाठी काय खाल्लंय हे कळायला हवं. मांजर तर अफूच्या औषधांनी सुस्तावण्याऐवजी चवताळू शकतं, बाहुल्या मोठ्या करून.

विष आणि नशा एकाच प्राण्यात भेटतात असंही होतं. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला आणि मेक्सिकोच्या उत्तरेला सोनोराच्या वाळवंटात एक मोठा भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा बेडूक, राहतो. त्याच्या ग्रंथींतला स्राव वाळवून लोक नशेसाठी ओढतात. 2022 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याला "भेक चाटू नका" असं जाहीर सांगावं लागलं! तोच भेक कुत्र्याने तोंडात धरला तर जीवावर बेततं. कुठलाही भेक तोंडात घेऊन कुत्रा फेस काढू लागला तर मान खाली धरून पाण्याची धार तोंडाच्या बाजूने सोडा, घशाकडे नाही, आणि हिरड्या ओल्या फडक्याने पुसत राहा. मग दवाखाना.

घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. गुंगीतल्या जनावराची उलटी फुफ्फुसात जाते, आणि मिठाचीही विषबाधा होते. दंशाची शंका असेल तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नको. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. आणि कुत्रा लहान म्हणून इंजेक्शन कमी लागेल, हा हिशेब चुकीचा. सापाने टाकलेलं विष तेवढंच असतं, ते जिरवायला औषधही तेवढंच लागतं.

तुमच्या कुत्र्याच्या पापण्या पडल्या होत्या का, आणि हात हलवला की तो दचकत होता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवत असेल तर खाली लिहा.