साइट इंजिनिअरचा प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला काय यावं लागतं?

तुम्ही लिहिलंय की सिव्हिलचा डिप्लोमा झालाय, दोन वर्षं साइटवर आहात, आणि पुढे प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचं तर प्रायमाव्हेरा (कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर) शिकू की एमबीए करू ते ठरत नाहीये. मी पुण्यात निवासी इमारतींच्या साइटवर 14 वर्षं काढली, त्यातली शेवटची 6 प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून. माझ्या मते ते दोन्ही नंतर. उद्या काम कुठे अडणार आहे, हे आज दिसायला लागलं पाहिजे.

स्लॅबचंच घ्या. 120 घनमीटरचा स्लॅब म्हणजे 6 घनमीटरच्या 20 गाड्या. प्लांटवर गाडी भरली की साधारण दोन तासांत काँक्रीट खाली व्हायला हवं, म्हणून मी चलनावरची वेळ आधी बघतो. एकदा पंप लागला, तीन गाड्या गेटवर उभ्या, आणि तेव्हा कळलं की दोन टॉयलेटच्या स्लीव्ह (पाइप जायला स्लॅबमध्ये आधीच ठेवायच्या नळ्या) टाकायच्याच राहिल्यात. प्लंबर म्हणे सेंट्रिंगवाल्याने (स्लॅबचा साचा बांधणारा) जागाच दिली नाही, सेंट्रिंगवाला म्हणे मला कोणी सांगितलंच नाही. त्या भांडणात तास-सव्वा तास गेला. तिसरी गाडी घट्ट व्हायला लागली तसा मुकादम म्हणाला, "साहब, थोडा पानी मार देते हैं." (साइटची भाषा हिंदी आहे, ती सफाईदार यायलाच हवी.)

गाडी परत पाठवली. मालकांचा फोन आला, निमूटपणे ऐकून घेतलं. गंमत अशी की त्या दिवशीचे क्यूब (ताकद तपासायला भरतात ते काँक्रीटचे ठोकळे) पहिल्या गाडीतून भरलेले होते. पाणी मारलं असतं तरी 28 दिवसांनी ते आरामात पास झाले असते, आणि स्लॅबचा तो कोपरा मात्र कायमचा कच्चा राहिला असता. चूक माझीच होती. आदल्या संध्याकाळी पोअर कार्डवर (काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीचा कागद) सही करताना मी वर चढलोच नव्हतो.

माणसांचंही तेच. आपल्याकडची बरीच लेबर यूपी-बिहारची. होळीला आणि छठला ती गावी जाणार, तिकिटं आधीच काढलेली असतात. त्या आठवड्यात तुमच्या बारचार्टमध्ये दोन स्लॅब दिसत असतील तर चार्ट प्रायमाव्हेरात केलेला असो की वहीत, फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट लिहिण्याची. आर्किटेक्ट साइटवर फिरता फिरता सहज म्हणतात, हा दरवाजा जरा इकडे घ्या. भिंत तोडली, पुन्हा बांधली. चार महिन्यांनी बिलात एक्स्ट्रा आयटम लावला तर, "असं मी कधी म्हटलं?" एका कामावर आमचे असे बरेच पैसे बुडाले. तेव्हापासून त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल जातो: आज आपण असं सांगितलंत, उद्या करतोय, खर्च वेगळा पडेल. भांडण नको म्हणून लोक हा मेल टाळतात आणि मग फायनल बिलाला खरं भांडण होतं.

हिशेब तर तोंडपाठ हवा. 12 मिमीचा बार मीटरला 0.89 किलो (व्यासाचा वर्ग भागिले 162). दर महिन्याला आलेलं स्टील, बसलेलं स्टील आणि तुकडे यांचा मेळ स्वतः घालून बघा. स्टोअरकीपरवर विश्वास असला तरी.

सध्या एवढं करा: पुढच्या स्लॅबचं पोअर कार्ड तुम्ही भरा. स्लीव्ह, कंड्युट (वायरिंगचे पाइप), कव्हर ब्लॉक (सळईखाली अंतर ठेवणारे ठोकळे), सगळं हात लावून बघा. पुढच्या तीन आठवड्यांत काय काय लागणार याची यादी एक्सेलमध्ये करून दर सोमवारी तुमच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवा, त्याने मागितली नाही तरी. प्रायमाव्हेरा दोन महिन्यांत येतं. एमबीएचा उपयोग क्लायंटच्या बाजूला जायचं असेल तर होतो; ठेकेदाराकडे आजवर मला कोणी विचारलेलं नाही.