दिवा बंद केल्यानंतर बघ

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा व्हिडिओ पाहिला. अतिनील दिव्याखाली सुईसारखा स्फटिक वाकतो, हे छान दिसतंय. पण दिवा बंद झाला त्याच क्षणी तू चित्रीकरणही थांबवलंस, आणि मला हवं होतं ते नेमकं तिथून पुढचं.

स्फटिक उजेडाने वाकला की उष्णतेने, हा पहिला प्रश्न कुणीही विचारेल. दिव्याने स्फटिक तापतोच. पण इतक्या बारीक सुईतली उष्णता दिवा विझताच निघून जाते, त्यामुळे उष्णतेचा बाक लगेच सरळ होतो. तू घेतलेल्या ९-अँथ्रासीन कार्बोक्झिलिक आम्लात उजेडाने शेजारचे दोन रेणू जोडले जातात. ती जोडी अस्थिर असते, अंधारात आपोआप सुटते. पण त्याला काही मिनिटं लागतात. म्हणून दिवा बंद केल्यावरही कॅमेरा चालू ठेव आणि बाक किती वेळात उतरतो ते मोज. तुझा खरा निकाल तो आहे. दिवा न लावता, स्फटिक ठेवलेली काच नुसती तापवूनही एकदा बघ. आणि खिडकीतल्या उन्हात प्रयोग नको. नाशिकच्या मे महिन्यात परिणाम उजेडाचा कुठला नि उष्णतेचा कुठला, हे वेगळं काढणार कसं?

आता स्फटिकांबद्दल. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातले झिओलाइट खनिजांचे मोठे स्फटिक पाहिलेल्या आपल्याकडच्या मुलांना मोठा तोच चांगला स्फटिक वाटतो. (मलाही ते आवडतात, तो भाग वेगळा.) इथे उलट आहे. अतिनील प्रकाश वरच्या पातळ थरातच शोषला जातो. तिथले रेणू बदलतात, खालचे तसेच राहतात, आणि एका बाजूने वाळलेल्या पापडासारखी सुई वळते. स्फटिक जाड असेल तर खालचा भाग दाद देत नाही; ताण साठतो आणि स्फटिक तडकतो, काही पदार्थांत तर चक्क उडी मारतो. तेव्हा स्फटिक वाढवताना बाटलीच्या झाकणाला बारीक भोकं पाडून विद्रावक सावकाश उडू दे, उजेड लागू नये म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळ आणि सगळ्यात बारीक सुया निवड. सुईचं एक टोक काचेला चिकटव, दुसरं मोकळं ठेव. काचेवर नुसती पडलेली सुई कशानेही हलते.

तोंडी परीक्षेत विचारतील, सगळेच स्फटिक का वाकत नाहीत? तेव्हा रसायनशास्त्रज्ञ श्मिट यांचं १९६४चं काम सांग. सिनॅमिक आम्लाच्या कुळातल्या पदार्थांत रेणू तेच असले, तरी स्फटिकरचनेच्या दोन प्रकारांत उजेडाने अभिक्रिया होते, तिसऱ्यात होत नाही. शेजारच्या रेणूंचे दुहेरी बंध समांतर आणि साधारण ४.२ अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत हवेत. तुझ्या पदार्थाच्या रचनेची आकृती जवळ ठेव. इरी, कोबाताके आणि सहकाऱ्यांचा २००७चा 'नेचर'मधला निबंधही वाच. त्यांचे डायअरिलएथीन या पदार्थाचे स्फटिक अतिनील प्रकाशात रंगतात, त्यांचा आकार बदलतो. पूर्ववत व्हायला मात्र त्यांना दृश्य प्रकाश लागतो. तुझ्याला अंधार पुरतो. हा फरक नीट सांगता आला, तर पुढचे प्रश्न सोपे जातील.

अतिनील चष्म्याशिवाय दिवा लावू नकोस. तो प्रकाश डोळ्यांना फारसा दिसत नाही, म्हणून डोळे आपणहून मिटत नाहीत. नवं चित्रीकरण झालं की पाठव, न कापता.

तुझा,
सर