पायलटहाउसची नौका: आधी डोळ्याची उंची ठरव

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं १२ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेचं रेखाटन नीट पाहिलं. दिसायला देखणं आहे, पण पायलटहाउस, म्हणजे आत बसून नौका चालवायची काचांची खोली, सगळ्यात शेवटी डेकवर आणून ठेवल्यासारखं वाटतं. क्रम उलटा हवा. आत बसणाऱ्याचा डोळा पाण्यापासून किती उंच, हा आकडा पहिला. छप्पर, बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा), इंजिन, टाक्या त्याच्या मागून येतात.

तुझ्या आराखड्यात नाळेचा, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाचा, माथा पाण्यापासून १.५ मीटर वर आणि सुकाणूच्या बैठकीपासून ७ मीटर पुढे आहे. डोळा १.९ मीटरवर असेल, तर नाळेपुढचं सुमारे २६ मीटर पाणी दिसत नाही. डोळा २० सेंटिमीटर खाली आण, तेच ५२ मीटर होतं. जाळ्याचा बोया किंवा तरंगता ओंडका तेवढ्यात सहज हरवतो. बसलेल्या माणसाचा डोळा बैठकीच्या वर साधारण ७५ ते ८० सेंटिमीटर असतो, म्हणून बैठक चौथऱ्यावर घे, पण छप्पर वर नेऊ नकोस. उभं राहायला १.९५ मीटर हवेच, पण जिथे माणूस चालतो तिथे. बसायच्या जागी नाही.

इंजिन पायलटहाउसच्या तळाखाली घातलंस ते योग्यच. वजन मध्यावर, खाली, आणि हात चारही बाजूंनी पोचतो. मात्र इंजिन आणि आवाज अडवणारा थर मिळून तळफळी वर सरकते, तळफळी छपराला ढकलते, छप्पर बूमला. बूम आणि तिच्यासोबत सगळं शीड २० सेंटिमीटर चढलं, की वाऱ्याचा जोरही तेवढाच वर लागतो. शिडाचं बलकेंद्र आणि पाण्याखालच्या रोधाचं केंद्र यांच्यात साडेसात मीटर धर. नौका कलवणारा जोर पावणेतीन टक्क्यांनी वाढला. त्यात वजनाची भर. घर आणि काचा मिळून २५० किलो गुरुत्वमध्याच्या १.८ मीटर वर बसले, तर १२ टनी नौकेचा गुरुत्वमध्य जवळजवळ ४ सेंटिमीटर उचलला जातो. मेटासेंटरची उंची (कललेली नौका परत सरळ होण्याच्या ताकदीचं माप) एक मीटर असेल, तर ताठपणा चार टक्क्यांनी उतरला. म्हणजे पहिला रीफ थोडा लवकर घ्यावा, शीड थोडं लवकर आखडावं लागेल, एवढंच. यापायी पायलटहाउसला नावं ठेवणारे उगाच आकांत करतात.

वाऱ्याच्या तोंडाला जाताना मात्र त्यांचं थोडं खरं आहे. समोरून १.२ चौरस मीटर जादा पृष्ठभाग असेल, तर २५ नॉट आभासी वाऱ्यात (चालत्या नौकेवर जाणवतो तो वारा) तो साधारण १२ किलोच्या जोराने मागे खेचतो, ३५ नॉटला त्याच्या दुप्पट. म्हणून अशा नौकेला वाऱ्याच्या तोंडाच्या फार जवळ चढवू नये. पण खऱ्या वाऱ्यापासून ५२ अंशांवर ६ नॉट मिळाले, तर वाऱ्याच्या दिशेची कमाई ३.७ नॉट; ४५ अंशांवर साडेपाच नॉट टिकवता आले तर ३.९. मोकळा कोन आरामाचा, पण त्याने वेग अर्धा नॉट वाढूनही कमाई घटली. दोन्ही आकडे तुझ्या हलवर (नौकेच्या मूळ सांगाड्यावर) काढून बघ, दुसऱ्याच्या नौकेचे चालणार नाहीत.

शीड-वजन गुणोत्तर तू १५.५ लिहिलं आहेस. ८० चौरस मीटर शीड आणि १२ टन वजन, हिशेब बरोबर. पण ते रिकाम्या नौकेचं. पाणी, डिझेल, साखळी, सामान मिळून दोन टन चढले की तेच १४ होतं, आणि मग हलक्या वाऱ्यात इंजिनच चालू राहतं. गुणोत्तर नेहमी भरलेल्या नौकेचं लिहावं. पाणरेषा १०.७ मीटर असल्याने हलचा वेग, म्हणजे तिच्या लांबीला सहज झेपणारा कमाल वेग, साधारण ७.९ नॉट; त्याच्या वर जायला मोठं इंजिन घालणं म्हणजे डिझेल जाळून लाट उभी करणं.

आता काचा. इथे आराखडे सर्वांत जास्त फसतात. १० मिलिमीटर काचेचं वजन दर चौरस मीटरला २५ किलो, तेवढ्याच जाडीच्या पॉलिकार्बोनेटचं १२, पण ते ओरखडे घेतं. ॲक्रिलिकची एक मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकात जवळपास ३ मिलिमीटर वाढते, काच अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. बोल्टच्या भोवती छिद्र घट्ट ठेवलं की ॲक्रिलिक तिथूनच तडकतं. छिद्र मोठं ठेव, सीलंटचा थर ३ ते ५ मिलिमीटर राहील असे छोटे टेकू लाव, आणि बोल्ट आवळून सीलंट पिळून काढू नकोस. ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटला पॉलिसल्फाइड सीलंट लावायचा नाही, तो त्यांना खातो. कडेला काळा पट्टा हवाच, नाहीतर उन्हाने चिकट थर सुटतो. कापाचे कोपरे गोल ठेव. रात्री यंत्रांच्या पडद्यांचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं. पडदे मंद होत नसतील, तर त्यांना छोटी छज्जी दे.

उलटण्याचा कोन, म्हणजे ज्याच्या पुढे कलली की नौका परत सरळ होत नाही तो, पायलटहाउस धरून काढला आहेस. चालेल, पण काचा आणि मागचं दार पाण्याचा मार झेलत असतील तरच. दार उघडं राहिलं तर ते आकारमान हिशेबातून गेलं. आयएसओ १२२१७-२ या शिडाच्या नौकांच्या स्थैर्याच्या मानकात अ वर्गाला (खुल्या महासागरात जाणाऱ्या नौकांना) किमान कोन १३० मधून टनांची दुप्पट वजा करून येतो: १२ टनांना १०६ अंश, आणि १०० च्या खाली कधीच नाही. सरकत्या रुंद दाराऐवजी उंच उंबऱ्याचं अरुंद दार घे.

आतून चालवताना वाऱ्याचा झोत अंगावर येत नाही, म्हणून माणूस शीड जास्त ठेवून बसतो. सुकाणूचा कोन दाखवणारं यंत्र बैठकीसमोर लाव. ५ अंशांपेक्षा जास्त सुकाणू सतत धरावं लागत असेल, तर रीफची वेळ झालेली असते. छपरात डोक्यावर एक खिडकी ठेव, मेनसेलचा, म्हणजे मुख्य शिडाचा, वरचा भाग तिथूनच दिसतो. जिबची (पुढच्या शिडाची) खालची कड साठेक सेंटिमीटर उंच कापून घे, एरवी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचं अर्धं पाणी झाकलं जातं.

पुढच्या रेखाटनासोबत वजनाचा तक्ता पाठव: वस्तू, किलो, पाण्यापासून उंची. फर्निचरसुद्धा धर.

कळावे, लोभ असावा.