स्विचचे दिवे हिरवे, तरी नेटवर्क गोठलेलं

प्रश्न : देवगडजवळ आमचा आंबा कॅनिंगचा कारखाना आहे. ऑफिस आणि पॅकिंग शेड यांच्यात फायबरच्या दोन लाइन आहेत, एक गेली तर दुसरी चालावी म्हणून. स्विच जुने आहेत. दुसऱ्या लाइनला दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारे डबे) आहेत. ऐन मे महिन्यात संगणक, बारकोड प्रिंटर सगळं गोठलं. स्विचचे दिवे मात्र हिरवे! दुसरी लाइन काढली की चालतं, लावली की अर्ध्या मिनिटात पुन्हा बंद. स्विच बदलावेत का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : स्विच बदलू नका. आधी शेडमधला कन्व्हर्टर बघा. त्याचा फायबरचा दिवा समोरून प्रकाश येत असेल तरच पेटतो. त्याचा फायबरचा दिवा विझलेला आणि ऑफिसकडचा पेटलेला असेल, तर ऑफिसकडून शेडकडे येणारा कोअर (फायबरमधला काचेचा धागा) तुटलाय आणि परतीचा शाबूत आहे.

हर्णैजवळच्या एका बर्फ कारखान्यात मी यातच दोन दिवस घालवले. स्विचही बदलून पाहिला. शेवटी गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) गेलेली फायबर हाताने चाचपत गेलो, तेव्हा सापडलं. पावसाआधी झाडी तोडताना कोयता लागला होता आणि दोनपैकी एकच कोअर तुटला होता. कारखान्याचे ते दोन दिवस माझ्यामुळे गेले, म्हणून हे सविस्तर लिहितो.

‘अर्ध्या मिनिटात’ हा तुमचा शब्द फार महत्त्वाचा आहे. दोन लाइनचं वर्तुळ होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री ही स्विचमधली व्यवस्था शेडच्या स्विचवर एक पोर्ट (केबल लावायची जागा) अडवून ठेवते. ऑफिसकडून दर २ सेकंदांनी निरोप येतो तोवरच तो अडलेला राहतो. तुमच्याकडे निरोप पोचत नाही, पण कन्व्हर्टर ते स्विच ही तांब्याची केबल जिवंत, म्हणून पोर्ट चालूच दिसतो. १५ अधिक १५ सेकंदांनी तो उघडतो. (चालू लाइन तुटली तर त्याआधी २० सेकंद वाट पाहतो, म्हणजे ५०.) मग पहिल्या लाइनने जायचं, दुसरीने परत यायचं, असा लूप सुरू होतो. तीच माहिती गोल फिरत राहते आणि नेटवर्क गोठतं.

उपाय? कन्व्हर्टरवर ‘लिंक फॉल्ट पास-थ्रू’चं बटण असेल तर ते चालू करा. फायबर गेली की तांब्याची बाजूही पडते. शिवाय एकाच बाजूने चालणारी लाइन ओळखायची सोय काही स्विचमध्येच असते. सिस्कोत तिला यूडीएलडी म्हणतात, हुआवेत डीएलडीपी. दोन्ही टोकांना एकच पद्धत हवी. यूडीएलडीत प्रत्येक स्विच आपलं नाव आणि ‘मला कोण ऐकू येतंय’ त्याची यादी पाठवतो. शेडच्या यादीत ऑफिसचं नावच नसलं, की ऑफिसचा स्विच पोर्ट बंद करतो. यूडीएलडीचा हा निरोप दर १५ सेकंदांनी ठेवला तर चालू लाइनमधला दोष साधारण ४१ सेकंदांत सापडतो, म्हणजे पोर्ट उघडायच्या ५० सेकंदांच्या आत. स्विच रॅपिड स्पॅनिंग ट्रीवर (स्पॅनिंग ट्रीच्या वेगवान आवृत्तीवर) असतील तर स्पॅनिंग ट्रीचा निरोप थांबल्याचं ६ सेकंदांतच धरलं जातं. तिथे यूडीएलडीला उशीर होतो, सोबत लूप गार्ड (निरोप थांबला तरी पोर्ट उघडू न देणारी सोय) लावाच. बंद पोर्ट आपोआप चालू करणारी सेटिंग मात्र कोअर जोडेपर्यंत लावू नका.

स्प्लायसिंग (तुटलेला कोअर जोडणं) झाल्यावर दोन्ही कोअरमधून येणारा प्रकाश पॉवर मीटरने मोजून घ्या. फायबर गडग्यावरून गेली असेल तर पाइपात घाला, पुढच्या वर्षीही झाडी तोडली जाणारच आहे.